तात्पुरत्या फोल्डरचा मालक

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

१. सोमवारी सकाळी १०.४० — सॉफ्टवेअर पॅकेजचं बिल्ड, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बांधणं, फेल.
२. कंपायलरची जुनी आवृत्ती लावली. फेल.
३. डिस्क तपासली. निम्मी रिकामी.
४. सर्व्हर रीस्टार्ट केला. फेल.
५. आजवर एकतीस प्रयत्न. एकतीस वेळा तेच — फाइल लिहिता येत नाही.

शुक्रवारी हे पॅकेज कळमेश्वरच्या शीतगृहात बसवायचंय. शुक्रवारीच माझं प्रोबेशन संपतं. आमचे प्रमुख, संघपाल सर, टेबलाशी येऊन उभे राहिले. "तीन दिवसांपासून काय करून राहिली तू?"

सर्व्हर रूम सांभाळणारे ताराचंदजी डबा उघडत म्हणाले, "काहून वं पोरी, जेवली नाही? मशीन थंडी हाय, डोकं तुह्यंच तापलं." मी हसले नाही. त्यांना काही विचारलंही नाही. मी कुणालाच विचारत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ

सापडलं! बिल्ड आपल्या कच्च्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकतं. त्या फोल्डरचा मालक रूट — मशीनचा सर्वाधिकारी. माझ्या खात्याला तिथे एक अक्षर लिहायची परवानगी नाही. आमचं ते फोल्डर रीस्टार्टनेही पुसलं जात नाही. मालकी माझ्या नावावर केली, अकरा मिनिटांत बिल्ड पास.

तीन दिवस — एका ओळीच्या कमांडसाठी!

१३ नोव्हेंबर, दुपार

सर म्हणाले, "कारण नको मले. नाव पाहिजे." मी लिहून दिलं — फोल्डर रूटच्या मालकीचं होतं, रूटचा पासवर्ड ताराचंदजींकडे असतो. दोन्ही वाक्यं खरी.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

केबिनचं दार उघडंच होतं. सगळं दिसलं, ऐकू आलं.

"तुम्ही केलं का, ताराचंदजी?"

"झालं असंन सायेब. वय झालं आता."

अकरा वर्षं झाली त्यांना इथे. उद्यापासून येऊ नका, म्हणाले सर.

कुहीची बस गाठायची होती त्यांना. जाताना किल्ल्या आणि त्यांची वही माझ्या टेबलावर ठेवली. सर्व्हरवर कुणी काय केलं ते सगळं ते त्या वहीत हाताने लिहितात. आम्ही तिला ताराचंदपुराण म्हणतो. "पोरी, मशीन नाही म्हणते, तं काहून म्हणते ते पाहाव. लगेच सुडो नाही लावाव."

सुडो — म्हणजे रूटचा पासवर्ड नसतानाही घटकाभर रूट होऊन हुकूम सोडणं; ती मुभा माझ्या खात्यालाही आहे, फोल्डरची मालकीही तशीच बदलली. हे मला काहून सांगितलं? मी तर फोल्डर दुरुस्त केलं! घरी आले. वही बॅगेत आहे. उघडायची भीती वाटते — का, ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उघडली.

"३ नोव्हेंबर, दुपारी ४.१२. दीक्षा मॅडम. सुडो लावून बिल्ड."

सर्व्हरचा लॉग, त्याची आपोआप होणारी नोंद, पाहिला. तीच वेळ, माझं नाव. एक फाइल बसत नव्हती, घाई होती, अख्ख्या कमांडपुढे सुडो लावलं — आणि विसरले. पुढचं बिल्ड थेट या सोमवारी. फोल्डर त्या क्षणी रूटचं झालं.

काल केबिनमध्ये ही वही त्यांच्या काखेत होती.

दहा वाजता माझं कायम झाल्याचं पत्र आलं. साडेदहाला पाठवलेला मेल इथे उतरवून ठेवते —

"सर, फोल्डर माझ्या हातून रूटच्या मालकीचं झालं. लॉग आणि वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. ताराचंदजींना परत बोलवावं. माझं पत्र सही न करता आपल्या टेबलावर ठेवलं आहे. दोन्हींबाबतचा निर्णय कृपया सोमवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावा. — दीक्षा"