पाटीवरचा परवाना

प्रिय आणि (हे मनापासून लिहितोय) पूज्य आत्या,

तुला वाकून नमस्कार. सध्या गुडघ्यापर्यंतच वाकतोय, कारण शिडीवरून उतरताना कंबर धरली आहे. उरलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन. तुझा गुडघा कसा आहे? नव्या चष्म्यातून एकाचे दोन दिसायचे, ते थांबलं का? शेजारच्यांचं मांजर अजून तुझ्याच खुर्चीत बसतं, की त्यालाही तू जागा खाली करण्याची नोटीस दिलीस? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी सूनबाई बरी आहे. नात एक दात पाडून आणि दोन गणितं चुकवून मजेत आहे. एक विनंती मात्र आधीच करतो. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढल्यापासून तू कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतेस (माणसं नको ते मागे लपवतात, हे तुझं म्हणणं). हे पत्र तरी कृपा करून सुरुवातीपासून वाच.

तीन महिने मी पत्र लिहिलं नाही, कारण मी रुसलो होतो. तुला कळलंही नसेल, कारण माझं रुसणं तुझ्यापर्यंत पोहोचवायचं तर पत्रच लिहावं लागलं असतं. झालं असं, की मला परदेशात नोकरी लागतेय हे मी सगळ्या नातेवाइकांना एकाच दिवशी कळवलं. सगळ्यांची अभिनंदनं आली. मोठ्या काकांनी तिकडून येताना दाढीचं यंत्र आणायला सांगितलं. आणि तुझं कार्ड आलं. त्यावर ना आशीर्वाद, ना कौतुक. मधोमध एकच ओळ, 'एजन्सीचा परवाना पाहिलास का?' आणि खाली सही. अगं, माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या! मी बायकोला म्हटलं, हिला भाच्याचं बरं झालेलं बघवत नाही. (हे तुला कळू नये म्हणून मी तीन महिने गप्प होतो. आता स्वतःच लिहून मोकळा झालो.) बायकोने ते कार्ड उचलून आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं. त्यामुळे रोज दाढी करताना माझ्या गालाशेजारी तुझा प्रश्न दिसायचा.

मला राग येण्याचं कारण तसंच होतं. परवाना पाहिलास का म्हणून तू कोणाला विचारत होतीस? त्या एजन्सीच्या पाटीवरचा परवाना क्रमांक मी स्वतः, या हाताने, लाल अक्षरांना पिवळी कड काढून रंगवला होता! दीड वर्षापूर्वी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर ते ऑफिस थाटलं, तेव्हा बारा फुटांची पाटी माझ्याकडे आली. 'परदेशी नोकऱ्या', खाली विमान, त्याखाली 'सरकारमान्य, परवाना क्रमांक' आणि पुढे सात आकडे. त्यातल्या आठाची कंबर मी अशी काही काढली आहे, की समोरचा केशकर्तनवाला अजून गिऱ्हाइकांना खुर्चीतून दाखवतो. हल्ली सगळे छापील फ्लेक्स लावतात, हाताने पाटी कोण करून घेतो? महिना महिना कुंचला वाळत पडतो. म्हणून तर परदेशाचं मनात आलं. आणि त्या ऑफिसातल्या साहेबांनी (अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर टाय लावतात, तेव्हाच मला काही सुचायला हवं होतं) एकदा पाटीकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, या अक्षराला तिकडे फार मागणी आहे. एका बंदरात जहाजांवर नावं रंगवायला माणूस हवाय. आत्या, मी आयुष्यात मोठ्यात मोठी वस्तू रंगवली ती पाण्याची टाकी. जहाज म्हटल्यावर मी असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढलो, की त्याच संध्याकाळी नोंदणी फी आणि पासपोर्ट, दोन्ही त्यांच्या खणात ठेवून आलो. खणाला कुलूप लावताना त्यांनी 'सुरक्षिततेसाठी' असं म्हटलं. कोणाच्या, ते मी विचारलं नाही.

पुढे तीन महिने 'कागद वर गेलेत' एवढंच ऐकू येत होतं. इकडे रंगकाम करणाऱ्या आमच्या मंडळींनी मला निरोप दिला, भाषणं झाली, चाकांची बॅग भेट मिळाली. रोज कोणीतरी विचारायचं, अजून इथेच? शेवटी मी तिरीमिरीत ठरवलं, की परवान्यांच्या सरकारी कार्यालयातून शिक्का मारलेला कागदच आणायचा आणि तुला रजिस्टरने पाठवायचा. म्हणजे मी तिथे गेलो तो चौकशी करायला नव्हे, तुझी जिरवायला. पाटीचा फोटो घेऊन रांगेत तीन तास उभा राहिलो. (ही यादी मोबाईलवर घरबसल्या बघता येते, हे तीन तासांनंतर भिंतीवर वाचलं. अक्षर इतकं बारीक होतं, की जवळ पोहोचल्याशिवाय दिसूच नये.)

खिडकीवरच्या बाईंनी यादीत नाव शोधलं, नाही. पत्ता शोधला, नाही. मग नंबर विचारला. मी फोटो काचेला लावला. त्या म्हणाल्या, "आमचे नंबर असे नसतातच. आधी अक्षरं असतात. हा कुठून आणलात?" मी म्हटलं, बाई, यादी जुनी असेल, हा नंबर मी स्वतः रंगवलाय. त्यांनी चष्मा खाली केला. "रंगवलात म्हणजे तुम्हीच दिलात?" मागची रांग हसली. मी तोंड उघडलं, मला कोणी दिला ते सांगायला, आणि आत्या, तसंच उघडं राहिलं.

कारण तेव्हा मला आठवलं. पाटी करताना मी साहेबांना नंबर विचारला होता. ते म्हणाले होते, येतोय, जागा सोडा. आता तू आमच्या धंद्यातली नाहीस. भरलेल्या पाटीत तेवढीच मोकळी जागा दिसली की पेंटरचा जीव कासावीस होतो. ओळ भरल्यावर कशी दिसेल ते बघावं म्हणून मी जवळचा पहिला आकडा घेतला आणि रंगवून टाकला. तो होता लाल रंगाच्या डब्याच्या बुडावर छापलेला. खरा नंबर आला की पुसून नवा काढायचा, एवढंच मनात होतं. साहेबांनी रस्त्यापलीकडे जाऊन पाटी बघितली आणि म्हणाले, वा, भारदस्त दिसतं, राहू दे. तो राहिला. मी पुढच्या पाटीला लागलो आणि साफ विसरलो. आणि दीड वर्षाने त्याच डब्याच्या नंबरावर विश्वास ठेवून मी माझा पासपोर्ट देऊन बसलो! माणसं दुसऱ्याच्या थापेला फसतात. मी माझ्याच अक्षराला फसलो.

बाई चांगल्या होत्या. हसल्या नाहीत. तक्रारीचा अर्ज दिला, लिहायला पेन दिलं, आणि कागदावर पुढच्यासाठी मुद्दे काढून दिले. नाव, पत्ता आणि नंबर तिन्ही यादीशी जुळले पाहिजेत. परवान्याची मुदत संपलेली नको. परवाना खरा असला तरी तिकडच्या कंपनीचं मागणीपत्र मंजूर आहे का ते वेगळं बघायचं. आणि आपला पासपोर्ट कोणाच्या खणात ठेवायचा नाही. शेवटचं वाक्य लिहून त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला थेट तुझी आठवण झाली.

पण खरं टोचलं ते बाहेर जिन्यावर बसल्यावर. माझं जे व्हायचं ते होवो. पण त्या ऑफिसातल्या बाकावर रोज माणसं बसतात. एक नर्स आहे, दोन गवंडी भाऊ आहेत, एक स्वयंपाकी आहे. नर्सने तर माझ्यासमोर तो नंबर वहीत उतरवून घेतला होता आणि मला म्हणाली होती, एवढं स्वच्छ लिहिलंय म्हणजे लपवण्यासारखं काही नसणार. मी त्यावर मान डोलावली होती, आत्या. कौतुक अक्षराचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिडी घेऊन हजर झालो. साहेबांना म्हटलं, पाटीचा रंग उडालाय, फुकटात हात फिरवून देतो. फुकट म्हटल्यावर ते खूश. मी वर चढलो, सातही आकडे पुसले (आठ पुसताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू) आणि तिथे त्याच लाल अक्षरांत, त्याच पिवळ्या कडेने रंगवलं, 'अजून मिळालेला नाही'. सरकारमान्य, परवाना क्रमांक अजून मिळालेला नाही. ओळ बरोबर बसली, एक सूतही इकडेतिकडे नाही. पहिल्यांदा केशकर्तनवाल्याने वाचलं, मोठ्याने. मग त्याच्या अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने. मग खालचा घड्याळवाला डोळ्याला भिंग तसंच ठेवून बाहेर आला. पाच मिनिटांत बाकावरची मंडळी खाली उतरली, माना वर करून वाचलं, आणि एक शब्द न बोलता पुन्हा वर गेली. मग मात्र वरून बरेच शब्द ऐकू आले. साहेब खिडकीत येऊन माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण मागून गवंड्यांपैकी थोरल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अर्ध्या तासात खण उघडला. माझा पासपोर्ट नर्सने आपल्या पासपोर्टाबरोबर आणून शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला. मी वरच होतो. शिडीला असा काही घट्ट चिकटून बसलो होतो, की उतरायला आणखी पाऊण तास लागला, आणि तेव्हाच ही कंबर गेली. चौथ्या दिवशी तपासणीचे अधिकारी आले, ऑफिसला कुलूप लागलं. फीचं काय ते पुढे होईल. पासपोर्ट सगळ्यांचे परत मिळाले.

तर आत्या, हे सगळं तुझ्या एका ओळीमुळे. मला हातचं राखून आभार मानता येत नाहीत, म्हणून सरळ लिहितो. माझं अभिनंदन चाळीस जणांनी केलं, पण प्रश्न एकटीने विचारलास. लहानपणी तू माझी चित्रकलेची वही बघताना चित्र राहू दे, आधी नाव लिहिलंस का म्हणायचीस, तेव्हा मला वाटायचं हिला मायाच नाही. आता चाळिशीला आल्यावर कळतंय की तुझी माया तशीच येते, तपासून. मी तुझा फार ऋणी आहे. बाकावरच्या त्या चौघांना तुझं नाव ठाऊक नाही, पण नर्सला मी सांगितलंय की माझी एक आत्या आहे, आणि त्या नर्सने तुला नमस्कार सांगितला आहे.

आणि आता आनंदाची बातमी. मी नवी एजन्सी शोधली. या वेळी यादीतूनच. नाव, पत्ता, नंबर, मुदत, मागणीपत्र, सगळं जुळलं. तिथे माझ्याकडून पत्र्यावर अक्षरं काढून घेतली आणि मी पास झालो. बंदर खरं, जहाजं खरी. दोन वर्षांचा करार आहे, पुढच्या महिन्यात निघायचं. मंडळींनी पुन्हा निरोप दिला. या वेळी बॅगेसाठी वर्गणी निघेना, म्हणून माझ्याकडून पहिलीच मागून घेतली आणि टाळ्यांच्या गजरात मला पुन्हा भेट दिली.

प्रकृतीला जप, मांजराशी फार वाद घालू नकोस, आणि ज्या हाताने ते कार्ड लिहिलंस त्या हातावर माझं डोकं टेकलं आहे असं समज.

तुझा अक्षराने शहाणा, बाकी बेताचाच,
भाचा

ता. क. तुझ्या दारावरची पाटी मी निघण्याआधी रंगवून देईन. घर क्रमांक मात्र तू स्वतः कागदावर लिहून, सही करून दे.

ता. क. २. सोबत कराराची प्रत जोडली आहे, अकरा पानं. तू तुझ्या पद्धतीने, मागून, भिंग लावून वाचावीस ही विनंती. घाई आहे. सही पुढच्या सोमवारी करायची आहे.

ता. क. ३. आत्या, खरं सांगतो. खिडकीवरच्या बाई नंबर यादीत नाही म्हणाल्या ना, तेव्हा आधी जीव भांड्यात पडला, लाज नंतर वाटली. दोन वर्षं म्हणजे मुलीचे पडलेले सगळे दात माझ्या माघारी येणार. पण दोन-दोन निरोप घेऊन झाल्यावर आता जात नाही म्हणायला तोंड कुठे आहे? आणि तुझ्या सूनबाईने इतक्या हौसेने माझे कपडे शिवून ठेवलेत, की तिचा हिरमोड करायचा धीर होत नाही. त्या परवान्याच्या कार्यालयाने तीन भिंतींवर सूचना मोठ्या अक्षरांत रंगवायचं काम मला दिलंय, पण तीन भिंतींवर संसार होतो का, हे मला कळत नाही. तेव्हा करारात काही खोट सापडली तर कळव. नाही सापडली, तरी सापडली म्हणून कळव. तू नाही म्हणालीस तर कोणी वर मान करून विचारणार नाही.

आत्याबाईंना सूनबाईचा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. हे त्यांना कळवू नका. परवाना खरा आहे. मी आधी मोबाईलवर पाहिला, मग खोटा निघेल या आशेने दोनदा कार्यालयात जाऊन आले. दोन्ही वेळा खरा निघाला. कपडे शिवत बसले, कारण हात रिकामे राहिले की रडू येतं. खोट जरा मोठी काढा, आणि सोमवारच्या आत.