बिनसाखळीचा ससाणा

सौ. सत्यभामाअक्कास, हैदराबादेहून बद्रीनाथचा पायावर माथा.

तब्येत बरी हाय, एक वेळ तरी पोटभर जेवतो.

एका व्यापाऱ्याकडं जपानी चित्रं पाहिली अन् येडाच झालो. तसाच काळ्या शाईचा ससाणा नवाबसाहेबांसाठी काढला. उघडी फांदी, बाकी कागद कोरा.

दिवाणजी म्हणाले, "पायात सोन्याची साखळी दाखव."

मी म्हटलं, "आमच्या चकलांब्याच्या माळावर हा मोकळाच फिरतो. साखळी रंगवणार न्हाई."

नवाबसाहेबांकडची चित्रकाराची नोकरी गेली. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो.

दाजी म्हणतील, माफी माग. त्यांना सांग, मागणार न्हाई. तुझा खोकला थांबला का? मला परत बोलावू नको, अक्का. आजच दुसरा ससाणा काढायला घेतलाय.

तुझाच हट्टी,
बद्री