टोपलीखालच्या दोघी

बालीगंज, कलकत्ता, मंगळवार, १३ जानेवारी १९५३

नव्या दोन कोंबड्या चार दिवस परसात टोपलीखालीच आहेत. जुन्यांनी आधी नुसतं बघावं, टोचू नये म्हणून. नव्या सुनेलाही साताऱ्याहून आल्यापासून मी स्वयंपाकघरात येऊ दिलेलं नाही. दमली असेल, बसू दे, एवढंच मनात. खरंच एवढंच? की माझी चूल मलाच सोडवत नव्हती?

आज दुपारी ती टोपलीशी उकिडवी बसून हळूच सांगत होती, "घाबरू नका गं. माणसं चांगली आहेत, फक्त कशाला हात लावू देत नाहीत."

मी दारातच थबकले. मग जाऊन टोपली उचलली. जुन्यांतल्या थोरल्या कोंबडीने एकदा टोचलं, मग दाण्यांपाशी सरकून जागा दिली.

"चहा टाकतेस का गं?" मी सुनेला विचारलं.

साखर फार पडली होती. मी दोन कप प्यायले.