उमेदवार मी, फिर्यादीही मीच

३ मार्च, सकाळी
जाग आली ती आवाजाने. आवाज घरातला नव्हता, सातवीच्या वर्गातला होता. गुरुजींची पट्टी टेबलावर टक्, टक्, आणि त्या ठेक्यावर अख्खा वर्ग एका सुरात:

सांजवेळी अंगणात कुणी लावली ही वात,
उजेडाचं बोट धरून चालू लागली ही रात.

माझी कविता. वह्या तपासल्यावर गुरुजींनी ती वर्गाकडून म्हणून घेतली आणि आमच्या रांगेकडे बघून 'शाब्बास' म्हणाले. माझ्या पुढच्या बाकावर 'शाई' बसायची. बोटं सदा निळी, म्हणून हे नाव. तिने उगीचच लाजून मान खाली घातली. पण गुरुजी जरा तिरळे होते. ते कोणाकडे बघत होते हे मला पक्कं ठाऊक आहे.

पेपरात जाहिरात: सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात इंटर्न घेणार. अट, कायद्याचा नुकताच झालेला पदवीधर. रिटायर झाल्यावर मी संध्याकाळच्या कॉलेजात गेलो आणि गेल्याच महिन्यात पदवीधर झालो. याहून नुकता कोण असणार? वयाचा उल्लेखच नाही. म्हणजे माझीच वाट बघतायत.

आनंद व्हायला हवा होता. ही गेल्यापासून आनंद काय, दुःख काय, सगळं टपाल भलत्याच पत्त्यावर जातं. निदान सकाळी जेवून कुठेतरी जायला तरी मिळेल.

४ मार्च
चिरंजीव म्हणाले, बाबा, तिथं सगळी पोरंसोरं असतील, तुम्हाला आजोबा म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत, घरात तरी कोण म्हणतंय. त्यावर सूनबाई हसली. चिरंजीव नाही.

निश्चय: रोज पहाटे कॉपीराइट कायद्याचं एक प्रकरण पाठ. कविता पाठ होतात, कायदा का होणार नाही?

५ मार्च
व्याख्यांच्या पानावरच झोप लागली. कायद्याला यमक नाही, यात माझा दोष काय?

९ मार्च
डोळे तपासायला गेलो. थेंब घालून बाहेर बसवलं. सगळं धुरकट. समोर भिंतीवर फ्रेम. मोठ्या अक्षरांतल्या दोन ओळी तेवढ्या लागल्या. माझ्या! सांजवेळी अंगणात! खाली आणखी काहीतरी बारीक होतं. जाहिरात असावी.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ही कुणाची? म्हणाली, डॉक्टरांच्या आईंची, त्या कविता करतात. मी म्हटलं, करतात की उचलतात? ती म्हणाली, आजोबा, डोळे मिटून बसा.

संताप यायला हवा होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते थेंबांचं.

१० मार्च
अर्जात एक प्रश्न आहे: आपल्याला हे काम का करायचे आहे? उत्तर आता आपसूक सापडलं. मी स्वतः पीडित आहे! कविता लिहिली, डॉक्टरांच्या आई असं लिहून डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता दिला, चौकशीची मागणी केली. सूनबाई कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती. थांबून म्हणाली, बाबा, हा अर्ज आहे की फिर्याद? म्हटलं, टू इन वन.

मग म्हणाली, कविता इथेच संपते? अर्धवट वाटते हो. हीसुद्धा हेच म्हणायची. पहिल्या भेटीत मी हिला ह्याच दोन ओळी म्हणून दाखवल्या होत्या. ही म्हणाली, पुढचं कडवं लग्नानंतर ऐकवा. पुढे संसारभर विचारत राहिली. मी म्हणायचो, चांगली कविता थोडक्यात संपते. शेवटी दवाखान्यातही विचारलं. तेव्हाही मी तेच म्हटलं.

सूनबाईला म्हटलं, पाठव.

१८ मार्च
उत्तर नाही. निवड झाली की डबा न्यायचा, कँटीनच्या नादी लागायचं नाही. इस्त्रीला दोन शर्ट दिले.

२६ मार्च
उत्तर नाही. शर्ट आले. एक घालून दुपारभर बसलो. सूनबाईने विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, सराव.

२ एप्रिल
मेल आला! सूनबाईने मोठ्याने वाचला. एक: इंटर्न म्हणून आपली निवड होऊ शकली नाही. दोन: आपल्या अर्जातील तक्रार दाखल करून घेतली असून, कार्यालयाच्या पद्धतीनुसार तिची प्रत खुलाशासाठी समोरच्या पक्षाला पाठवली आहे.

चिरंजीव डोक्याला हात लावून म्हणाले, बाबा, डोळे दाखवायला आता कुठे जायचं आपण?

त्यांना कळलं नाही. पुढच्या दाराने इंटर्नला घेतात, मला मागच्या दाराने घेतलंय. आता सुनावणीला तरी जावंच लागेल. जेवून.

९ एप्रिल, संध्याकाळी
पाहुणीला हॉलमध्ये बसवून घाईत लिहितोय.

बेल वाजली. मला वाटलं, कार्यालयाचा माणूस. इस्त्रीचा शर्ट चढवून दार उघडलं. एक म्हातारी बाई. एका हातात कार्यालयाचा कागद, काखेत ती फ्रेम. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला खालून वर न्याहाळून म्हणाली, अजून माझ्याच मागे बसलायस होय रे?

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. निळी.

सूनबाई आतून धावत आली, बसा म्हणाली, चहा ठेवते म्हणाली. शाई बसली. फ्रेम मांडीवर घेतली. सूनबाईने अगदी सहज विचारलं, मावशी, खाली बारीक काय लिहिलंय हो? आणि ती म्हणू लागली, गुरुजींच्या पट्टीच्या ठेक्यावर:

चालून चालून रात दमली, वात म्हणाली, बैस जरा;
मी विझले तर विझू दे गं, तू मात्र जा तुझ्या घरा.

म्हणजे माझ्या कवितेला पुढचं कडवं होतं.

हिला सांगायला हवं, म्हणून मी उठून आतल्या खोलीत आलो. इथे कोणी नाही. बाहेरून सूनबाई हाक मारतेय, बाबा, चहा निवतोय.