एक वीत बाहेरून

९ जानेवारी १९८४
शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. टायपिंगपण सावकाश आहे. मिनिटाला अकरा शब्द, कु.सरांनी घड्याळ लावून बघितलं. कु.सर म्हणजे कुलथे सर, क्लास त्यांचाच. म्हणाले, पुस्तकातलं तेच तेच नको, रोज अर्धा तास मनानं काहीतरी टाईप कर, मी वाचणार नाही. म्हणून हे. चार नंबरच्या मशीनचा ळ अडकतो, बोटानं मागं ओढावा लागतो. कागद पाठकोरे आहेत.
काय लिहू. आज गवारीची भाजी होती.

१० जाने.
मनानं काही येईना. मग नाव टाईप केलं. शोभा शोभा शोभा. वय १७. शिक्षण नववी, अर्धी. आई आजारी पडली तेव्हा सुमीला बघायला घरी राहिले, सुमी धाकटी बहीण. आई बरी झाली. सुमी आता चौथीत आहे. शाळेचं परत कोणी काढलं नाही. मीपण नाही.
अर्धा तास झाला.

१२ जाने.
सकाळी मैदानावर पाच फेऱ्या. थंडी. पाय बधिर होतात, मग बरं वाटतं. गेट रज्जाकचाचा उघडतात, ग्राउंडची सगळी कामं तेच करतात, पाणी मारणं, रेषांना चुन्याची फक्की टाकणं. मला काही विचारत नाहीत म्हणून मी जाते. आज एवढंच म्हणाले, "बेटी, चप्पल गेट पे मत रख, कुत्ता ले जाता है."
कु.सर जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेचे सेक्रेटरी पण आहेत. क्लासच्या मागची खोली म्हणजेच संघटनेचं ऑफिस. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धेत त्यांनीच माझं नाव घातलं. ८०० मीटर. पहिली आले. बिल्ला आईच्या ट्रंकेत आहे.

१६ जाने.
राज्याची ज्युनिअर स्पर्धा यंदा नाशिकला की सांगलीला, ते ठरायचंय. सर तेवढंच बोलतात. येणाऱ्याला सांगतात, जाणाऱ्याला सांगतात. दोन गावं उरलीत म्हणे, बाकीची गळाली.
मी घरी सांगितलं. अण्णा नाशिकरोड स्टेशनवर पार्सल ऑफिसात हमाल आहेत, पाठ दुखते म्हणून पालथे पडले होते. तसेच बोलले. "नाशकात असली तर पळ. बाहेरगावी पाठवणार नाही." ऑगस्टमध्ये मला अठरा होतील. मग ज्युनिअर नाही.
म्हणजे नाशिक झालं तर आहे. सांगली झालं तर नाही. मला त्याचं फार काही वाटत नाही. वाटायला पाहिजे बहुतेक.

१९ जाने.
राज्य संघटनेकडून यजमानपदाचा फॉर्म आला. तेवीस प्रश्न. सरांनी मलाच बसवलं, तीन कार्बन घालून. राहायची सोय किती मुलांची, संडास किती, डॉक्टर आहे का, मंडप. सर उभ्यानं सांगत होते, मधेच दाराशी जाऊन पानवाल्याशी बोलत होते.
नं. ७ असा. पहिल्या लेनचे माप आतल्या रेषेपासून २० सेंमी बाहेरून घेतले आहे काय?
मी थांबले. सर म्हणाले, "थांबतेस काय? सातपासून बारापर्यंत सगळीकडे होय." मी टाईप केलं. होय. होय. होय. होय. होय. होय.
सरांनी सही केली. सर सहीची जागा बघतात, वरचं बघत नाहीत.

२० जाने.
चाचांना विचारलं. मी स्वतःहून कोणाला काही विचारलं असं कधी झालं ते आठवत नाही. वीस सेंटिमीटर बाहेरून म्हणजे काय?
त्यांना समजलं नाही. मग दोरी दाखवली. वळणाच्या मधोमध खुंटी ठोकतात, दोरी तिला बांधतात, दोरीला एक गाठ आहे. गाठ ताणून धरून चालत जायचं, आणि गाठ जिथं तिथं चुना. झालं वळण. गाठ काळी पडलीय. "ये गाठ हमारे उस्ताद की है. बाईस साल से हाथ नहीं लगाया किसी ने."
म्हणजे रेषाच चारशे मीटरची. पण रेषेवरून कोणी पळत नाही, रेषेवर पाय पडला तर बाद. पळतो ते रेषेच्या बाहेरून, एक वीतभर. तिथून मोजलं तर चारशेपेक्षा जास्त भरणार.
नं. ७ ला होय नाही. नाही आहे.

२३ जाने.
सरांना सांगायचं होतं. शनिवारी ते पेपर वाचत होते. आज पाहुणे होते. चिठ्ठी टाईप केली, सर ७ नंबर नाही आहे. मग चुरगाळली. ळ परत अडकला. फॉर्म तर पोस्टात गेला.

३१ जाने.
पाच फेऱ्या. मग वेळ लावून दोन. चाचांकडे सरांचं जुनं घड्याळ असतं. दोन मिनिटं तीस. चाचा म्हणाले, अच्छा है. मला ते त्या गाठीचं बोलायचं होतं. गेटवर चप्पल घातली आणि आले.

५ फेब्रु., रविवार
मैदान बघायला राज्याची कमिटी आली. तिघं. अण्णांनी पहाटे गाडीतून उतरताना पाहिलं, सरांनी फलाटावरच हार घातले.
मैदानात खुर्च्या, वर कापड, दिंडोरीची द्राक्षं. द्राक्षांची ताटली घेऊन मी उभी. सर म्हणाले आधी चहा. एक म्हातारे साहेब होते, पांढरी पँट, हातात चामड्याच्या डबीतली लोखंडी टेप. ते म्हणाले, "आधी टेप, मग चहा."
तासभर मोजलं. रेषेपासून वीस सेंटिमीटर बाहेर खिळे लावत गेले. चाचा एक टोक धरून. मला माहीत होतं जास्त येणार. सव्वा मीटर जास्त आलं.
म्हातारे साहेब शांत होते. म्हणाले, लांब आहे, कमी नाही, दुरुस्त होईल. "पण फॉर्मवर होय आहे. मीटिंगला फॉर्म जातो कुलथे, मैदान जात नाही."
मग सर बोलले. माझ्याकडे हात करून. "ही पोर शिकाऊ आहे. नाहीच्या जागी होय पडलं. टायपिंगची चूक."
दुसरे एक जाडे साहेब द्राक्षं खात होते. "नाहीचं होय कसं पडतं हो? एक अक्षर तरी सारखं आहे का?"
तिसरे म्हणाले, "ह आहे की."
हसले सगळे. सरपण. म्हातारे साहेब हसले नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "तू टाईप केलंस?" मी मान हलवली. टाईप तर मीच केलं होतं.
आठ दिवसांत लेखी खुलासा पाठवा म्हणाले. मग चहा झाला. गार झाला होता.
चाचा लांब खुंटीजवळ बसून होते. चहाला आले नाहीत.

६ फेब्रु.
सर कमिटीला गाडीत बसवायला गेले तेव्हा अण्णा तिथंच होते, हातगाडी घेऊन. सर हसत म्हणाले म्हणे, तुमच्या पोरीनं घोळ केला राव.
अण्णा जेवताना बोलले. "तुझ्या टायपिंगनं स्पर्धा हातची चालली म्हणतात."
आई म्हणाली शिकतीय, चुकणारच.
"चुकायचं तर घरात चुकावं. चार लोकांत नको." मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा झाली की क्लास बंद, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. मी भाकरी मोडत होते. सुमीनं माझ्या ताटात स्वतःचा गूळ टाकला.
मी सांगितलं नाही की चूक माझी नाही. थोडी आहे. माहीत होतं ना.

८ फेब्रु.
सकाळी गेट उघडं, चाचा खुंटीजवळ. दोरी मांडीवर. मी जाऊन बसले. मग मी म्हटलं, चाचा गाठ एक वीत अलीकडे घ्यायची. बस. दोन्ही वळणांना.
त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझे मालूम था?"
हो म्हटलं.
"कब से?"
तुम्ही दोरी दाखवली तेव्हापासून.
शिव्या देतील वाटलं. बोटानं चुना खरवडत राहिले. मग म्हणाले, "बाईस साल. जो भी भागा, फुकट में ज्यादा भागा." आणि हसले, पण तोंड तसंच. जुनी गाठ सुटेना. दातानं ओढली, मग सळई घातली. सुटली तेव्हा आतली दोरी पांढरीच होती. त्यांनी मला वीत टाकायला सांगितली. माझी वीत लहान पडली, मग त्यांनी स्वतःची टाकली, ती मोठी पडली. शेवटी पट्टी आणली.

९ फेब्रु.
चाचांचा भाचा रस्त्याच्या कामावर आहे, त्याची टेप आणली. एक टोक चाचा, एक मी. वीस सेंटिमीटर बाहेरून पूर्ण फेरी. चारशे मीटर आणि वर चार बोटं. टेपवर सात सेंटिमीटर. दोनदा मोजलं. चाचा म्हणाले राहू दे, कमी नको.
दोन फेऱ्या वेळ लावून. दोन एकोणतीस. चाचा म्हणाले, "देख, तू उतनीच थी."

११ फेब्रु.
खुलाशाचं पत्र. सरांनी सांगितलं, मी कागद चढवला. "टंकलेखनातील अनवधानाने प्रश्न क्रमांक सातचे उत्तर चुकीचे पडले, टंकलेखिका शिकाऊ असून तिला समज देण्यात आली आहे." अनवधान कसं लिहायचं ते मला विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं. समज म्हणजे काय ते विचारलं नाही.
मग सर दाढी करायला गेले, येतो म्हणाले, टाईप करून ठेव.
मी ते केलं. एकही चूक नाही. बघत बसले थोडा वेळ.
मग दुसरा कागद चढवला. कार्बन नीट लावले.
प्रश्न क्र. ७ चे उत्तर न मोजता लिहिले होते. चूक टंकलेखनाची नाही. आता पहिल्या लेनचे माप आतल्या रेषेपासून २० सेंमी बाहेरून घेतले आहे. दोन वेळा मोजले. ४०० मी. ७ सेंमी भरले. कमिटीने पुन्हा मोजून पाहावे.
खाली सेक्रेटरी. सहीची जागा सोडली.
पाहिजे तर अजून बदलता येत होतं. पहिलं पत्र पाठवलं तर एखाद्या वेळी चालून जाईल. शिकाऊ पोरीची चूक म्हणून कोणीपण सोडून देईल. मग नाशिक. दुसरं पाठवलं तर सेक्रेटरीनं न मोजता सही केली असं होतं. मग सांगली. हे सगळं मला टाईप करताना समजत होतं. बोटं चालू होती.
सर आले, गालाला तुरटीचा वास. दुसरं समोर ठेवलं. सही केली. "पोस्टात रजिस्टर करून ये."
पहिलं चार घड्या करून चपलेत ठेवलं. घरी चुलीत घातलं.

१४ फेब्रु.
मिनिटाला एकोणीस शब्द. सर खूश. क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं. मी खाली बघितलं.

१७ फेब्रु.
पाच फेऱ्या. कुत्र्यानं चप्पल नेली. गेटवरच ठेवली होती. अनवाणी घरी आले. आईनं विचारलं तर म्हटलं तुटली.

२५ फेब्रु.
अण्णांना स्टेशनवर कोणीतरी सांगितलं की सांगलीचं मैदान पाहून कमिटी परत गेली, तिथं दगडी कडा आहे, बसायला पायऱ्या आहेत. अण्णा म्हणाले, गेलं समज. मग थोड्या वेळानं विचारलं, "किती वेळ लागतो तुला, दोन फेऱ्यांना?" सांगितलं. त्यांना ते जास्त की कमी समजलं नाही. मलापण सांगता आलं नाही. मग त्यांनी विचारलं, आमची मालगाडी फलाट सोडते तेवढा का? मी म्हटलं, तेवढाच असेल.

२ मार्च
पत्र आलं. सर उभ्यानं वाचत होते, मग बसले. मग कपाटातून फाईल काढली. आमच्या खुलाशाची ऑफिस कॉपी काढली. ती त्यांनी पहिल्यांदा वाचली. मी चार नंबरवर होते, धडा चौदा चालू होता. बोटं थांबवली नाहीत.
आलेलं पत्र मग माझ्याच मशीनवर ठेवलं, वाच म्हणाले. दोन ओळी. खुलासा मिळाला. पुन्हा मोजण्यासाठी एक सदस्य येत्या रविवारी येत आहेत, त्यानंतर निर्णय कळवू. खाली सही म्हाताऱ्या साहेबांची असेल, वाचता आली नाही.
सर ऑफिस कॉपी धरून होते. "हे तू टाईप केलंस?"
हो म्हटलं. आवाज आला माझा.
त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. बोट फिरवत. फार वेळ लागला. मग फाईल बंद केली.
"चूक एकही नाही," म्हणाले. आणि मागच्या खोलीत गेले. दार लावलं. रागात की कशात ते समजलं नाही. अजून बाहेर आले नाहीत.
रविवारी पाऊस नको. चाचांना सांगायचं आहे, शनिवारी चुना नवा टाकायचा, आणि टेप दोन...
बाहेर ओरडा चालू झाला. पोस्टासमोर उसाची बैलगाडी उलटली. सगळा रस्ता उसानं भरलाय, पोरं, बायका, पोस्टमन पण वेचतायत. बैलांना काही झालं नाही. नुसते उभे आहेत.