आमेन कोण म्हणणार

रविवार, ६ जुलै २०२५

नाही करणार. थंगराज अण्णांना तोंडावर सांगितलं — नाही करणार!

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला गाठलं. मी केबल गुंडाळत होते. "वल्लरी, ऑगस्टपासून प्रभूची प्रार्थना पडद्यावर. इंग्लिशमध्ये, सगळ्यांनी एकत्र. स्लाइड तू कर, मा." आम्हा सगळ्या पोरींना ते 'मा'च म्हणतात. का? "टाइम. शाळेचा हॉल साडेदहाला सोडायचा असतो." ते मंडळीचे सेक्रेटरी, त्यामुळे प्रश्न तिथेच संपतो असं त्यांना वाटतं.

सध्या कसं चालतं ते इथे लिहून ठेवते. उद्या बदललंच तर निदान या वहीत असेल. इथे बेंगळूरात आम्ही चाळीसेक माणसं, भाषा नऊ. प्रभूची प्रार्थना प्रत्येक जण आपापल्या भाषेत म्हणतो, एकाच वेळी, मोठ्यानं. ज्याची शेवटी संपते त्याच्यासाठी बाकीचे थांबतात. तो आमेन म्हणतो, मग सगळे. नियम कोणी लिहिलेला नाही. या मंडळीतली मला पूर्णपणे पटलेली गोष्ट ही एकच.

फेब्रुवारीपासून शेवट नेहमी सोयरा अक्कांचा असतो. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द अडकतात. आधी त्यांना चाळीस सेकंद लागायचे. आज ३ मिनिटं ४२ सेकंद. रेकॉर्डिंगवरून मोजले. त्यांचा आवाज गर्दीत हरवू नये म्हणून मार्चमध्ये मी एक माईक त्यांच्या खुर्चीजवळ सरकवला होता. आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

म्हणजे वाचवायची आहेत ती अक्कांची तीन मिनिटं. मग सरळ सांगा ना!

सोमवार, ७ जुलै

स्लाइड केलेली नाही.

बुधवार, ९ जुलै

ऑफिसात कंपन-चाचणीच्या टेबलावर विमानाचा एक ब्रॅकेट तडकला. अहवालात मी लिहिलं, 'तडकला'. साहेब म्हणाले, "'किरकोळ विचलन' असं नसतं का लिहिता आलं?" नसतं.

येलहंक्याहून राजाजीनगरला घरी येईतो दीड तास. वाटेत पप्पांचा फोन, जालन्याहून. "प्रार्थनेत भाग घेतेस ना, बाळा?" साउंड बघते म्हटलं. "साउंड बघणं म्हणजे प्रार्थना नव्हे." असेल.

पाळकांची मुलगी म्हणून पाच वर्षांची असल्यापासून मला प्रत्येक सभेत स्टुलावर उभं केलं. स्तोत्र म्हण. अजून एक म्हण. "बघा आमची वल्लरी, एक शब्द चुकत नाही!" सतराव्या वर्षी नाताळच्या सभेत मी मध्येच थांबले. विसरले नव्हते. थांबले. सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आई ओठ हलवून पुढचा शब्द सांगत होती. मी खाली उतरले. त्यानंतर चर्चमध्ये तोंड उघडलेलं नाही. मशीनच्या मागे बसते.

इथे दोन वर्षांत मला कोणीही विचारलं नाही, की तू का म्हणत नाहीस. चहा देतात, नाव नीट उच्चारतात, बस. म्हणूनच टिकले.

रविवार, १३ जुलै

आज ३:५५. 'भाकर' या शब्दाशी अक्का बराच वेळ अडकल्या. क्वामे आपल्या भाषेत कधीच संपवून बसला होता — घानाचा आहे, इथे फार्मसी शिकतो — डोळे मिटून, मुठी आवळून. इम्नाला नर्स आहे, नागालँडची. तिचा हात अक्कांच्या पाठीवर. चाळीस माणसं आणि कुणाची खुर्चीसुद्धा वाजत नाही. मग आमेन. तोही दोन तुकड्यांत. हे पडद्यावर कसं आणणार, अण्णा?

हॉलमध्ये मराठी आम्हा दोघींनाच येतं. अक्कांचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचं. लग्न केलं रेल्वेतल्या एका तमिळ ख्रिस्ती माणसाशी, तेव्हापासून या मंडळीत. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. आज डबा पुढे केला. "इडली — खा. स्वल्प. हाडं — दिसतात."

मी त्यांना सांगून टाकलं. अण्णा प्रार्थना काढायला बघतायत, पण मी काढू देणार नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको — गं. मला —"

"तुम्हाला कुणाचे उपकार नकोत, कळतं मला," म्हटलं. "पण हे उपकार नाहीत. हा तुमचा हक्क आहे."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मिटलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे बरं. आणि डबा बंद केला.

गुरुवार, १७ जुलै

पुरावा हवा. मागच्या बारा रविवारांची रेकॉर्डिंग काढली, मिनिटं वेगळी केली. सरासरी:

गाणी २२. उपदेश ३१. अक्का पावणेचार. थंगराज अण्णांच्या सूचना — १३ मिनिटं १० सेकंद!

मे महिन्यात एकदा ते फक्त दुचाक्या कशा लावाव्यात यावर १९ मिनिटं बोललेत. 'हॅण्डल डावीकडे' हे चार वेळा. तक्ता केला. अण्णांचा रकाना लाल. मजा आली. खोटं कशाला लिहू?

शनिवार, १९ जुलै

यशवंतपूरला जाऊन शाळेच्या ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाली, "संडे साडेअकरापर्यंत हॉल तुमचाच, मॅडम. नंतर कराटे."

साडेअकरा! साडेदहा नव्हे. अण्णा खोटं बोलले. आता तर मी सोडतच नाही.

रविवार, २० जुलै

उपासनेनंतर बैठक. मी परवानगी वगैरे मागितली नाही, तक्ता थेट पडद्यावर लावला. त्यांना पडदा वापरायचाच होता ना!

आधी कुजबुज, मग हशा. पास्टर देवकुमार स्वतःच्या रकान्याकडे बघत राहिले. "एकतीस? म्हणजे माझी बायको बरोबर सांगते." क्वामेनं शिट्टी वाजवली. कोणीतरी मागून ओरडलं, "हॅण्डल डावीकडे!"

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, "आणि हॉल साडेअकरापर्यंत आपलाच आहे. काल विचारून आले. अण्णा, तुम्ही मंडळीशी खोटं बोललात."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "हो," म्हणाले. "खोटं बोललो."

पुढे काहीच नाही. कारण नाही, सबब नाही. फक्त एकदा दाराकडे बघितलं. तिथे सोयरा अक्का चपला घालत होत्या, डाव्या पायाला चप्पल सापडत नव्हती.

प्रार्थना आहे तशीच राहणार. ठराव एकमतानं. अण्णांनीही हात वर केला.

सोमवार, २१ जुलै

जिंकले. मग त्या 'हो'चा राग का येतोय? भांडायला हवं होतं त्यांनी.

रविवार, २७ जुलै

अक्का आल्या नाहीत. इम्नाला म्हणाली, तब्येत ठीक आहे, "नुसतं नको म्हणाल्या."

प्रार्थना ४४ सेकंद. आमेन क्वामेचा. अण्णांच्या सूचना २ मिनिटं, आणि माझ्याकडे न बघता. उपासना दहा वाजून दहा मिनिटांनी संपली. सगळ्यांना वेळच वेळ. काय करायचं त्याचं, कोणालाच कळेना.

मंगळवार, २९ जुलै

ऑफिसातून लवकर निघाले, अक्कांकडे गेले. यशवंतपूर बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दाराशी कांद्याची पोती, गल्लीला तोच वास. अक्का कॉटवर बसून शेंगा सोलत होत्या, एका हातानं.

"का नाही आलात?"

त्यांनी बोट उचललं. थांब. मी थांबले. मध्ये तीनदा मला शब्द आयता सुचला. तीनदा गिळला. त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"मीच — सांगितलं — थंगराजला. काढ — म्हणून. कुणाला — सांगू नको — म्हणून."

आणखी चार शेंगा सोलल्या.

"सगळे — श्वास — धरतात. माझं — अडकतं — ते — ऐकतात. पहिले — देवाशी — बोलत होते — मी. आता — तुमच्याशी. परीक्षा — झाली. आणि तो — माईक!"

मी म्हटलं, तुम्ही मला त्या रविवारी सांगायचं होतं.

त्या हसल्या. अर्ध्या चेहऱ्यानं, पण खऱ्या. "सांगत — होते. तू — बोलूच — दिलं — नाहीस."

खरं आहे. सेकंद मोजणारी मी. एक वाक्य संपेपर्यंत थांबले नाही. आणि स्टुलावर उभं राहून दहा-बारा वर्षं काढलेली मीच. मला तरी कळायला हवं होतं!

निघताना विचारलं, "मग काढून टाकू का प्रार्थना? ठराव मी बदलून घेते."

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. "बाकीच्यांची — का? तो क्वामे — किती — छान — गातो. मला — फक्त — शेवटी — एकटी — नको."

बुधवार, ३० जुलै

जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन केला. माफी मागितली. सबब जोडली नाही.

"त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"प्रॉमिस केलं होतं अक्कांना."

"मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं."

"बोललोच होतो की खोटं." मग, "मा, ते एकोणीस मिनिटं... खरंच?"

"एकोणीस मिनिटं आठ सेकंद."

"अय्यो."

मग म्हणाले, आता गुपचूप स्लाइडच करून टाकू, ना लाज ना भांडण. नाही! मी म्हटलं, एक माणूस हळू झालं म्हणून चाळीस जणांना एका भाषेत कोंबायचं नाही. आणि त्या माणसाला खिंडीत एकटं उभं करून आपण चांगले म्हणून मिरवायचंही नाही, जे मी केलं. तिसरं काहीतरी असणार. रविवारी सगळ्यांसमोर तुमची माफी मागते म्हटलं, तर ऐकेनात. "गुपित माझं नाही, अक्कांचं आहे." मग ती माफी राहिली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

अक्कांना निरोप पाठवला: माईक काढलाय, या.

प्रार्थना मला अजून पाठ आहे. अंघोळ करताना तपासलं, नळ पूर्ण सोडून. एक शब्द चुकला नाही. घसा मात्र अनोळखी वाटला.

रविवार, ३ ऑगस्ट

मशीन क्वामेकडे दिलं. अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. अक्का ३ मिनिटं ५१ सेकंद. मी ४ मिनिटं ६. आमेन मी म्हटलं.

अक्का कानाशी आल्या. "अय्यो — किती — हळू — गं — तू!"