गुडघ्यावरचा बिब्बा

शहापूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय संजीवनीताईस,
धाकट्या कमळचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. वालाला यंदा चांगल्या शेंगा धरल्यात, थोड्या पाठवतेय. म्हसाच्या जत्रेत तू आमच्या सुनेला, भाविकाला, दिसलीस. ती पाया पडायला वाकली, तर तू "घाईत हाय गो" म्हणून निघून गेलीस म्हणे. माझा फोनही तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

येत्या गुरुवारी कल्याणला माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सांधा आतल्या बाजूनेच झिजलाय, तेवढाच बदलणार. आणखी थांबले तर सगळा बदलावा लागेल. ऑपरेशन रोबोटने करणार म्हणतात, पण रोबोट म्हणजे नुसता यंत्राचा हात आहे. डॉक्टर म्हणाले, "हाड मीच कापणार, आजी. माझा हात आखलेल्या रेषेबाहेर निघाला की हा अडवतो."

मी म्हटलं, "मग आमच्या ओमकारच्या तोंडाला पण एक बसवा."

डॉक्टर हसले. ओमकार नाही हसला. डिसेंबरात तुला फोनवर काय बोलला ते त्याला आठवलं असणार.

डिसेंबरात ह्याच ऑपरेशनला दाखल झाले, तेव्हा नर्सने पाय धुवायला घेतला आणि गुडघ्यावरचे फोड बघून डॉक्टरला हाक मारली. कातडी भाजलेली, आत पू होईल, म्हणून ऑपरेशन रद्द झालं. "मावशीनं बिब्बा लावला ना?" ओमकारने विचारलं. मी गप्प राहिले. त्याने तिथूनच तुला फोन लावला, "तुझ्या बिब्ब्यानं आईचा पाय सडला असता." तू एवढंच म्हणालीस, "चुकलं रे माझं." मी शेजारीच होते, ताई.

दुखण्यावर म्हणून तू लावलेले बिब्ब्याचे दोन ठिपके पोटरीवर होते. ते आठवड्यात गेले.

गुडघ्यावरचा बिब्बा मी लावला. कातडीला जखम असली तर ऑपरेशन करत नाहीत, हे मी दवाखान्यात ऐकलं होतं. आदल्या दिवशी सगळी भाताच्या झोडणीला गेली, तेव्हा फडताळातला बिब्बा काढला, दिव्यावर तापवला आणि गुडघाभर फिरवला. भीती वाटली होती. परत चालता नाही आलं तर, एवढंच डोक्यात होतं. तुझ्यावर आळ येईल हे तेव्हा सुचलं नाही. पण आल्यावर मी तो येऊ दिला, आणि दीड महिना तसाच ठेवला.

आज सकाळी ओमकारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आये, शाळा चुकवणारी पोरं बरी तुझ्यापेक्षा."

हे पत्र घेऊन तोच टोकावड्याला येतोय. तुझं वाचून होईस्तोवर तोंड उघडायचं नाय, असं बजावलंय. त्याला चहा लगेच देऊ नकोस. जरा उभा राहू दे दारात.

गुरुवारी ये असं म्हणायला मला तोंड नाही. तू आली नाहीस तरी या वेळी मी पळणार नाही. पण भूल कमरेखालीच देणार आहेत, मी जागी असेन. बाहेर तू बसलेली असलीस तर मला ते कळेल.

तुला चुकलं म्हणायला लावणारी,
तुझी
कमळ